डावीकडे, खाली, चार बोटं

१

आमच्या दुकानात बंदुकीला दोष नसतो, ओढ असते. हा बाबांचा शब्द. कोणी येऊन म्हणालं, “नेम लागत नाही हो, नळी वाकली असेल,” की बाबा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “ओढ कुठे आहे?” म्हणजे गोळी मधोमध न लागता कोणत्या बाजूला जाते, आणि किती. किती ते बोटांत मोजायचं. वहीत त्यासाठी वेगळे रकाने होते. आजोळचं पत्र आलं की आई डोळे पुसायची आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, “माहेरची ओढ, दुसरं काय.” मी पाच वर्षांची असेन. मी विचारलं होतं, “किती बोटं?” हे दादा अजूनही आल्यागेल्याला सांगतो आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखा हसतो.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान मी चालवते. बाई बंदुका दुरुस्त करते याचं नवल करणारी माणसं आता कमी झालीत, किंवा मीच त्यांच्याकडे लक्ष देईनाशी झाले. पुढच्या खोलीत खिडकीशी कामाचं टेबल आणि कोपऱ्यात दादाची खुर्ची. तो निवृत्त विज्ञानशिक्षक. रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला इथे येतो, कारण घरी वहिनी उत्तरं आधीच सांगून टाकते. मागे चाचणीची खोली. लांबट, अरुंद, एकच दार, बारा पावलांवर वाळूच्या गोण्या आणि जाड फळ्या. दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा आहेत, डावीकडे दादाच्या, उजवीकडे माझ्या. दोघांच्याही चार ते सोळा. बाबा डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारायचे आणि शेजारी वयाचा आकडा लिहायचे. रंगारी आला की मी त्याला तेवढा भाग सोडायला सांगते.

त्या खोलीत गोळी झाडण्याआधी तीनदा विचारायचं, “आत कोण आहे?” उत्तर आलं नाही तर दहा आकडे मोजायचे, मग चाप. आपण एकटे असलो तरी आणि दार आत्ताच आपल्या हाताने उघडलेलं असलं तरी. मी बावन्न वर्षांची बाई रिकाम्या खोलीला तीनदा विचारते आणि दादा बाहेरून ओरडतो, “कोणी असलं तर चहाला बोलाव!”

२

सोमवारी सकाळी सर्वेक्षक बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, बुटांना वाळलेला चिखल. जमिनी मोजायला एकटीने रानोमाळ हिंडायचं काम. मागच्या वर्षी हद्दीच्या भांडणात दोघांनी त्यांना गाडीतून ओढून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून कमरेला हे छोटं रिव्हॉल्व्हर, कोणाकडून तरी घेतलेलं, जुनं. मुठीचं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं.

“ताई, शनिवारी परवान्याची चाचणी आहे,” त्या म्हणाल्या. “बारापैकी दहा गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. माझी एकही बसत नाही. परवाना गेला की साहेब मला ऑफिसात टेबलावर बसवणार. टेबलावर मरेन हो मी.”

“ओढ कुठे आहे?”

“कसली?”

“गोळ्या जातात कुठे?”

“डावीकडे, खाली. सगळ्या एकाच जागी. मैदानावरचे मास्तर म्हणाले, असं असेल तर हात स्थिर आहे तुमचा, बंदूक दाखवून आणा.”

यात काहीच विशेष नव्हतं. खिशातली बंदूक छोटी, मूठ आखूड, चाप जड. उजव्या हाताचा माणूस चाप ओढताना बाकीची बोटंही आवळतो आणि गोळी डावीकडे खाली जाते. दहातल्या सात तक्रारी अशाच असतात. मी त्यांना म्हटलं, गुरुवारी फोन करा, शनिवारी पहिल्या आलात तर पेढे आणा.

“पेढे कसले, तुमचा पुतळा उभारते,” त्या म्हणाल्या आणि दण्‌दण्‌ जिना उतरून गेल्या. मला त्या आवडल्या.

३

दुपारी मी बंदूक उघडली. आधी समोरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो टोकाचा दाणा. सरळ होता. नळीचं तोंड कुठे ठेचलेलं नव्हतं. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, जुने पण स्वच्छ. बाबांचा पितळी गज नळीतून घालून सिलिंडरची पाचही घरं तपासली. घर नळीच्या अगदी समोर आलं नाही तर गज कडेला अडतो आणि हाताला कळतं. गज पाचही वेळा लोण्यात सुरी जावी तसा गेला. इतकं नीट काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग शिकंजा. चाचणीच्या खोलीत लोखंडी शिकंज्यात बंदूक घट्ट आवळायची, चापाला दोरी बांधायची आणि दाराबाहेरून ओढायची. माणसाचा हात वगळला की बंदूक एकटी काय करते ते दिसतं. पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध, एका नाण्याखाली झाकतील अशा.

कागद काढून आणताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, मी आत कोण आहे ते विचारलंच नव्हतं. दोरी ओढायची म्हणून असेल, राहून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि दुसरी, दुकान फार शांत वाटत होतं. दादाची पेन्सिल कागदावर खरखरते ते ऐकू येत होतं. थोड्या वेळाने उलगडा झाला. माझ्या उजव्या कानात लहानपणापासून एक बारीक शिट्टी वाजते. इतकी सवयीची, की ती आहे हे मी विसरून गेले होते. ती थांबली होती.

“दादा, कानातली शिट्टी आपोआप थांबते का रे?”

“त्रेचाळीस वर्षांनी थांबली असेल तर तीही निवृत्त झाली,” तो म्हणाला. “बुटके, उभा तिसरा शब्द सांग, पाच अक्षरी.”

४

बुटके हे माझं नाव त्याने ठेवलंय. सोळाव्या वर्षी मी त्याच्या खांद्यालाही लागत नव्हते.

मंगळवारी मी बंदूक हातात घेतली. मी डावखुरी आहे. म्हणजे चुकलेच तर माझी गोळी उजवीकडे खाली जायला हवी, हे शाळेतल्या गणितासारखं आहे. बाबांनी मला शिकवलं तेव्हा ते म्हणायचे, डावखुऱ्या पोरीला शिकवणं म्हणजे आरशात बघून दुसऱ्याची दाढी करणं. ते मागे उभे राहायचे आणि माझ्या डाव्या हातावर आपला उजवा हात ठेवायचे. जड, कोरडा, तेलाचा वास असलेला. तोंडात कायम लवंग. माझ्या डोक्यावरून त्यांचा लवंगेचा श्वास जायचा आणि ते सांगायचे, “दाबू नको पोरी. मागे घे फक्त.” इतकी वर्षं झाली, अजून चाप ओढताना मला ते वाक्य ऐकू येतं. मला त्यात कधी भूतबीत वाटलं नाही. बापाची आठवण येते, एवढंच.

तीनदा विचारलं, दहा मोजले, झाडल्या पाच. पाचही डावीकडे, खाली.

मी कागदाजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिले. मग बोटं लावली. माझी पाच भरली. बाबांचा हात मोठा होता. त्यांची चार म्हणजे माझी पाच, हे मला पाठ होतं, कारण जुन्या नोंदी वाचताना मी नेहमी तसा हिशेब लावते. शिट्टी परत सुरू झाली होती. आणि माझ्या डाव्या हाताची मागची बाजू, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत, ऊन लागल्यासारखी गरम होती. त्या खोलीला खिडकी नाही.

मी स्वतःला समजावलं. मूठ लहान आहे, मी वेगळी धरली असेन. डाव्या हाताने दोनदा झाडलं, मग मुद्दाम उजव्या हाताने. गोळ्या त्याच जागी. दादाला उठवून आणलं. तो कुरकुरत आला, बंदुकीकडे न बघताच झाडल्यासारखा झाडला आणि पाच गोळ्या त्याच भोकांत घालून म्हणाला, “हात गरम होतो गं या बंदुकीने. पोलाद कसलं आहे?”

५

बुधवारी मुठीचं लाकूड काढलं. आतल्या पोलादावर तीन बारीक ठिपके होते, त्रिकोणात. मला गहिवरून आलं. बाबा आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बंदुकीला असे तीन ठिपके ठोकायचे, गिऱ्हाइकाला न सांगता, जिथे कोणी बघणार नाही तिथे. चाळीस वर्षं हिंडून ती आपल्या घरी आली होती.

बंदुकीचा क्रमांक घेऊन मी माळ्यावरच्या वह्या काढल्या. बाबांचं अक्षर तिरकं, दाबून लिहिलेलं. ओढीचे रकाने दोन, आणताना आणि नेताना. आणताना काहीही असो, उजवीकडे दोन बोटं, वर एक बोट, नेताना मात्र एकच शब्द: नाही. पानंच्या पानं नाही, नाही, नाही. त्या एका शब्दात त्यांचा सगळा अभिमान होता. ओढ राहिलेली बंदूक त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही.

या बंदुकीची नोंद तिसऱ्या वहीत सापडली.

आणताना: उजवीकडे, एक बोट.

नेताना: डावीकडे, खाली, चार बोटं. राहू दिली.

मी ती ओळ परत परत वाचली. ‘राहिली’ असतं तर मी म्हटलं असतं, जमलं नाही. त्यांनी ‘राहू दिली’ लिहिलं होतं. मग मी तारीख बघितली. माझं वय मोजायला बोटं लागली नाहीत.

६

ती गोष्ट घरात कोणी बोलत नाही. मला ती अशी आठवते.

मी नऊ वर्षांची. तेव्हा बाबा एकदाच विचारायचे, आत कोण आहे. आणि मला वाटायचं, हा लपाछपीचाच भाग आहे. बाबा विचारतात, आपण गप्प राहायचं, मग भॉक करायचं. त्या दुपारी मी गोण्यांच्या मागे लपले होते. त्यांनी विचारलं. मी तोंडावर हात दाबून हसू आवरलं. आणि मग उजवीकडून निशाणाच्या पुढे डोकं काढून म्हटलं, “मी आहे!”

त्याच क्षणी त्यांचा चाप सुटला होता. त्यांनी हात खाली डावीकडे झटकला. गोळी माझ्या उजव्या कानाखालून, वेणी आणि मान यांच्यामधून गेली. निशाणाचा मध्य आणि चौकटीवरची माझी नऊची रेघ अजूनही एकाच उंचीवर आहेत. बाबांनी ते निशाण कधी हलवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते तीनदा विचारू लागले.

“त्या दिवशीची बंदूक हीच,” मी दादाला म्हटलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली.

त्याने चष्मा पुसून वाचलं. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता, दारातच उभा होता. “मी पाहिलंय ना,” तो हळूच म्हणाला. “रात्रभर तुझ्या उशाशी बसले होते ते. नाकाजवळ बोट धरून, श्वास बघत.” मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. “पण म्हणून बंदुकीला काही कळतं असं नाही गं. मूठ तशी झिजली असेल. हात त्या कोनात बसतो, एवढंच.”

“डावा आणि उजवा, दोन्ही?”

त्याने वहीतली ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली.

“आणि शिकंज्यात सरळ का जाते?”

“शिकंज्याला कुठे पोरं असतात?” तो म्हणाला. थट्टाच केली होती त्याने. पण नंतर आम्ही दोघंही हसलो नाही, आणि त्याने कोडं अर्धवट घडी घालून खिशात ठेवलं.

७

गुरुवारी बाईंचा फोन आला. आवाजात धीर नव्हता. मी म्हटलं, करते काहीतरी. मला खरंच करायचं होतं. एका बाईचं मोकळं रान माझ्या टेबलावर पडलं होतं, आणि बाबांच्या हातची बंदूक माझ्या दुकानातून वाकडी जाणार, हेही मला सोसवत नव्हतं. मी मोठी मूठ बसवली. चापाची स्प्रिंग हलकी केली. मग ठरवलं, या वेळी हाताला हलू द्यायचं नाही. ओढ लागली की विरुद्ध जोर लावायचा.

शुक्रवारी दुपारी कानांवर जाड झाकणं घालून मी उभी राहिले.

“आत कोण आहे?”

खोली गप्प.

“आत कोण आहे?”

माझ्या हातावर ऊब आली. या वेळी नुसती ऊब नव्हती, वजनही होतं. चार बोटं माझ्या बोटांवर, अंगठा मनगटाशी. मी मान वळवली नाही. मला लवंगेचा वास आला आणि माझे डोळे भरून आले, कारण अकरा वर्षं तो वास मला नुसता आठवत होता, आला कधी नव्हता.

“आत कोण आहे?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

कानांवर झाकणं होती. समोरच्या रस्त्यावरचा ट्रकही मला ऐकू आला नसता. तरीही गोण्यांच्या मागून, तोंडावर हात दाबून आवरलेलं हसू मला स्पष्ट ऐकू आलं.

मी मोजू लागले. एक, दोन. मी स्वतःला सांगत होते, रस्त्यावरची पोरं असतील. सात, आठ. हात डावीकडे ओढला जाऊ लागला, मी मनगट आवळलं आणि त्याला मध्यावर धरून ठेवलं. माझं जमत होतं. तो हात म्हाताऱ्या माणसाचा होता, थरथरत होता, आणि माझ्यात जोर जास्त होता. नऊ. निशाणाच्या उजव्या कडेशी, गोणीच्या वर, वेणीचं टोक दिसलं. रिबिनीसकट.

मी हात सोडून दिला. सोडला म्हणजे त्यांच्या हाती दिला. गोळी डावीकडे, खाली गेली.

कागदाच्या मागे कोणी नव्हतं. मी गोण्या हलवून बघितल्या, मग तिथेच जमिनीवर बसून रडले. बाबांनी तो एक झटका बंदुकीतून काढून का टाकला नाही, ते मला कळलं. त्यांना भीती वाटली असेल, की तो काढला तर झालेलं होऊन गेलेलं राहणार नाही, मी वाचलेली राहणार नाही.

८

बाई संध्याकाळी आल्या तेव्हा मी सांगितलं, जमत नाही. मी जुनी मूठ परत बसवून ठेवली होती.

“म्हणजे दोष सापडला नाही?”

“सापडला. तो काढता येत नाही. बाई, ही माझ्याकडे राहू द्या. हिच्या बदल्यात माझी घेऊन जा, नवीन आहे.”

“परवान्यावर हिचा नंबर आहे ताई. उद्या चाचणी हिच्यावरच.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही रडलात की काय?”

मी त्यांना काय सांगणार होते? एक गोळी चुकवायला ही बंदूक अजून हात झटकते, असं? मी एवढंच म्हटलं, “ती ओढते तशी ओढू द्या. जोर लावू नका.”

“अहो, मग नापास होईन मी.” त्या चिडल्या नाहीत, त्यांना माझी कीव आली. “राहू दे. बाजारपेठेमागे एक जण आहे म्हणतात, सकाळी लवकर उघडतो. तिथे दाखवते.” या वेळी त्या जिना हळू उतरल्या.

दादा म्हणाला, “ऐक माझं. झोप काढ दोन दिवस.” वहीत त्या दिवशीच्या पानावर मी नोंद केली. आणताना आणि नेताना, दोन्हींत तेच. आणि पुढे, राहू दिली.

९

शनिवारी दुपारी ऊन दारापर्यंत आलं होतं. दादा कोपऱ्यात कोडं घेऊन बसला होता. मी त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी चहा ओतत होते तेव्हा फोन वाजला.

“ताई! बारापैकी बारा!” सर्वेक्षक बाई ओरडत होत्या, मागे मैदानावरचा गलका. “मधोमध! मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. तो बाजारपेठेमागचा माणूस म्हणाला, बंदुकीत काही नाही, ती ओढते तेव्हा तुम्ही सोडता. सोडू नका. आणि मी सोडलंच नाही बघा! पहिल्या गोळीला फार जड गेलं, कोणी हात धरल्यासारखं. मग पुढे काहीच नाही. एकदम हलकी. ताई? हॅलो? ऐकू येतंय का?”

मला छान ऐकू येत होतं. कानातली शिट्टी थांबली होती.

“हॅलो? कोणी बोलत का नाही?” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला गेला.

मी चाचणीच्या खोलीच्या दाराशी गेले. उन्हाची तिरीप चौकटीवर पडली होती. डावीकडे दादाच्या खुणा, चार ते सोळा, नीट होत्या. उजवीकडे माझ्या नऊपर्यंत होत्या. त्याच्या वर लाकूड कोरं होतं, खोडलेलं नाही, घासलेलं नाही. उजेडाचा दोष असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि बोटाने चाचपून बघितलं.

“दादा,” मी हाक मारली. “दादा, इकडे ये जरा.”

तो कोड्यात पेन्सिल फिरवत राहिला. टेबलावर चहाचा एकच कप होता.

“दादा!”

आता त्याने मान वर केली. म्हातारा दिसला मला तो, घरी कोणी वाट बघत नसल्यासारखा. त्याने चष्मा कपाळावर चढवला, अगदी बाबांसारखा, आणि माझ्यामागच्या रिकाम्या खोलीकडे बघत हळू आवाजात विचारलं, “आत कोण आहे?”

“मी आहे,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ थांबला. मग त्याने दुसऱ्यांदा विचारलं.